मैदानात शिरलो त्यानंतर

३ डिसें., बुध.
पूजा उशिरा झाली. उमा ओसरीवर मोबाइल घेऊन बसलेली. बारावीचं वर्ष, आणि लक्ष सगळं जपानच्या त्या फुटबॉलवालीकडं. तिचं नाव मला घेता येत नाही, जर्सीवरच्या आकड्यावरून मी 'तीन नंबर' म्हणतो. विचारलं, "हिनं गोल किती केले गं?"
"आप्पा, ती डिफेंडर हाय. गोल होऊ द्यायचा न्हाई, हे तिचं काम. माझंबी तेच."
रविवारी परभणीला फायनल. "तुमी या," म्हणाली. पाच वर्षं खेळते, मी एकदाही गेलो नाही. येतो म्हणालो.

७ डिसें., रवि. सं.
लिहू नये असं वाटतं.
एस.टी. उशिरा पोचली. खेळ निम्म्यावर आलेला. उमा समोरून पळत गेली तर गळा मोकळा. दोरा नाही, इष्टलिंग नाही. लहानपणी महाराजांनी बांधलेलं, अंगावेगळं करायचं नाही ते. शेजारी कुणी म्हणालं, पंचांनी सगळ्या पोरींच्या गळ्यातलं, कानातलं काढायला लावलं.
पुढचं कळलं नाही. रेघ ओलांडून आत गेलो. तिचं मनगट धरलं. "गळ्यातलं कुठाय?"
"आप्पा, बाहेर व्हा. पाया पडते तुमच्या."
पंचांची शिट्टी. मी तिला ओढत बाहेर आणलं. तिच्या जागी नववीतली एक पोरगी उतरवली. दोन गोल झाले, दोन्ही त्याच बाजूनं. हरलो.
हरलो म्हणायचा मला काय हक्क.
येताना उमा एस.टी.त शेवटच्या सीटवर. मी पुढं.

८ डिसें., सोम.
उपास. सकाळी उमाची आई चुलीपुढून न वळता बोलली, "पोटाला बांधलं होतं तिनं. मऊ फडक्यात गुंडाळून, वरून पट्टी. मीच बांधून दिली. आधी महाराजांना विचारलं, अंगाला लागून असलं म्हंजे झालं म्हणाले. पंचांनाबी दाखवलं. तुमी एक डाव नीट विचारायचं तरी."
विचारलं होतं. मनगट धरून, सगळ्यांदेखत. उत्तराला थांबलो नाही.
पूजेला बसलो, उठलो. मन लागलं नाही.

१० डिसें., बुध.
राणीसावरगावात बातमी पसरायला माझं किराणा दुकान पुरतं. बाबूमियाँ दारातूनच, "काय आप्पा, पुढच्या टायमाला तुमालाच उतरवायलेत म्हणं! लय जबर अडवता!" गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. मग त्याला तूरडाळीच्या जागी हरभऱ्याची डाळ मोजून दिली.
उमा ताट वाढते, पाणी ठेवते. आदळआपट केली असती तर बरं.

१२ डिसें., शुक्र.
तिच्या खेळाच्या मॅडमचा फोन. उमाची विभागाच्या संघात निवड. तो सामना अर्धा सोडूनही. मंगळवारी सकाळी शिबिराला निघायचं, बापाची सही लागते. "पण ती नको म्हणायली. तुमी समजावा. आन् आप्पा, राग मानू नका, तुमी मैदानावर येऊ नका."
बरं म्हणालो.
उमाला विचारलं, का गं?
"खेळताना पुढं बघावं लागतं, आप्पा. मला आता मागं बघावं लागंल."

१४ डिसें., रवि.
उमा आईबरोबर पिंगळीला मावशीकडं. तिची वही कोनाड्यात दिसली. उघडायला नको होती. उघडली.
तीन नंबरची सगळी कारकीर्द लिहून काढली आहे. शाळेत मुलींचा संघ नव्हता, मुलांत खेळली. पुढं दिवसभर दुकानात माल लावायची, संध्याकाळी सराव. गुडघा फाटला, बरा केला, पुन्हा फाटला. देशाच्या संघातून गेली, परत आली. बाप कुठं भेटतो का म्हणून पानं उलटली. एका ठिकाणी आहे, 'वडील सामन्याला यायचे, मागच्या बाकावर गप बसायचे.' खाली उमानं रेघ मारली आहे. शाई जुनी आहे. म्हणजे परभणीच्या आधीची.
मोबाइलवर तीन नंबरचा एक सामना पाहिला. सगळे चेंडू बघतात, मी तिला बघितलं. बराच वेळ ती काहीच करत नाही, नुसती जागेवर असते. ती जागा रिकामी झाली की काय होतं, ते मी पाहून आलोय.

१५ डिसें., सोम.
उद्या सकाळची गाडी. शिबिराच्या फॉर्मवर सही केली.
दुपारी उमा दुकानात जेवणाचा डबा घेऊन आली. गिऱ्हाईक नव्हतं. कुणाला न सांगितलेलं तिला सांगितलं. पोती उतरवताना छातीला टोचतं म्हणून मी माझं इष्टलिंग काढून आतल्या खुंटीला लावतो. कैक वर्षं. कधीकधी दिवसभर तसंच राहतं. आणि मी तुझा गळा बघायला मैदानात शिरलो.
ती डब्याचं झाकण पुसत होती.
"मला ठाऊक हाय, आप्पा. चौथीत होते तवापासून."
"मग त्या दिवशी मैदानात का बोलली न्हाईस? माझं तोंड बंद झालं असतं."
"लोक होते तिथं," म्हणाली.
फॉर्म तिच्यापुढं सरकवला. तिनं वाचला. घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला की परत गल्ल्यावर, ते मला मान वर करून बघवलं नाही. ती घरी गेली. मागून बघितलं, गल्ल्यावर फॉर्म नव्हता. उद्या जाते का, ते अजून म्हणाली नाही.