रकाना क्रमांक चौदा

३ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. निःपक्षपाती माणसानं लेखी पुरावा ठेवलेला बरा. अग्निशमन दलाच्या भरतीची छाननी माझ्याकडे आली आहे. एकशे बारा अर्ज. साहेब म्हणाले, लोकांच्या जिवाशी संबंध आहे, शिक्षा झालेला एकही माणूस आत शिरता कामा नये. मी म्हटलं, मुंगीसुद्धा शिरणार नाही. टायपिस्ट बाई खोकल्या. त्यांना फायलींच्या धुळीचा त्रास आहे.

४ जून
पहिले बहात्तर अर्ज तपासले, सोळा बाद. रकाना क्रमांक चौदा : 'आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय?' एकानं लिहिलं, कॉलेजच्या मोर्चात एक दिवस आत होतो. बाद. एकानं शेजाऱ्याला चप्पल मारली होती. बाद. उरलेल्यांनी 'नाही' लिहिलंय. प्रामाणिक पोरं.

५ जून
अर्ज क्रमांक त्र्याहत्तर. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मैदानी परीक्षेत पहिला. ऐंशी किलोचा डमी खांद्यावर टाकून चार मजले चढला आणि वर पोचल्यावर विचारलं म्हणे, परत खाली आणू का. दलाचे प्रमुख त्याच्यावर फिदा आहेत. वयाची अट तेहतीस, तो पुढच्या महिन्यात चौतिसात जाईल. म्हणजे हीच शेवटची संधी.
चौदामध्ये लिहिलंय : होय. बारा वर्षांपूर्वी, बेदरकार स्कूटर चालवणे, एक दिवस कैद.
गाढव. 'नाही' लिहायला याचे हात दुखत होते का?

६ जून
इथं कोण वाचतंय, म्हणून वस्तुस्थिती नोंदवतो. स्कूटर मी चालवत होतो. म्हणजे हँडल माझ्या हातात होतं. वाहतूक पोलिसाची चौकी नको तिथे बांधलेली होती. हवालदाराचा पाय मोडला. मला याच ऑफिसचं नेमणूकपत्र त्या आठवड्यात येणार होतं. मेहुणा म्हणाला, भावजी, तुम्ही मागे बसा. मी बसलो. एवढ्या प्रेमानं म्हणतोय, तर त्याचं मन कशाला मोडायचं.

७ जून
नियमाला अपवाद आहे! घटना पाहिलेल्या माणसानं सहीनिशी निवेदन दिलं तर उमेदवाराचा विचार होतो. मुदत वीस तारीख, पाच वाजेपर्यंत. उद्याच लिहितो. मी कुणाचे उपकार ठेवून घेणारा माणूस नाही.

१० जून
मसुदा तयार : 'स्कूटर चालवणारी व्यक्ती उमेदवार नसून अन्य होती.' अन्य हा फार भारदस्त शब्द. टायपिस्ट बाईंना सहज दाखवला, नावं झाकून. म्हणाल्या, अन्य म्हणजे कोण ते लिहावं लागेल. बाईंना भाषेची जाण नाही.

१३ जून
बायकोनं विचारलं, लिहिलंत का? मी म्हटलं, कसलं? ती म्हणाली, स्कूटरचं. हिला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, घाईत लिहिलेलं कच्चं राहतं. म्हणाली, बारा वर्षं मुरलंय, अजून किती मुरवणार? मी मसुदा घडी घालून खिशात ठेवला.

१८ जून
साहेबांनी आत बोलावलं. छाननी अधिकाऱ्याची जागा रिकामी होतेय, तुमचंच नाव पुढे आहे, स्वच्छ माणूस हवा, म्हणाले. आता निवेदन दिलं तर लोक म्हणणार, मेहुण्याची वर्णी लावली. वशिल्याचा डाग मला सहन होणार नाही. तरी उद्या बघू.

१९ जून
जमलं नाही. पंखा बंद होता.

२० जून, संध्याकाळी सव्वापाच
मेहुणा चार वाजल्यापासून बाहेरच्या बाकावर होता. प्रमुखही येऊन बसले. मग त्यांनी त्याला आत आणून माझ्या टेबलासमोरच विचारलं, गाडी खरंच तूच चालवत होतास? तो बुटांकडे बघत म्हणाला, मीच. मागे कोण होतं? म्हणाला, आठवत नाही. प्रमुख घड्याळ बघत पाच वाजेपर्यंत थांबले. त्यांना दुसरी कामं नसावीत.
निवेदन माझ्या खिशात होतं. सही तेवढी राहिली होती.
शिक्का मारला. अपात्र. शाई फिकी निघाली, म्हणून दोनदा मारावा लागला.

२ जुलै
प्रशस्तिपत्र मिळालं : 'सख्ख्या मेहुण्यालाही सवलत न देणारा कर्मचारी.' फ्रेम केलं. ड्रिल मेहुण्याकडे असतं, त्यालाच बोलावलं. आला. पट्टी लावून, माप घेऊन, फ्रेम अगदी सरळ बसवली. खालची भुकटीसुद्धा पुसली. चहा घेताना म्हणाला, गोदामावर वॉचमन लागलोय भावजी, तिथे काही विचारत नाहीत. मी म्हटलं, चला, सगळं मार्गी लागलं. तो हो म्हणाला. मोठ्या मनाचा मुलगा आहे. तो गेल्यावर मला बराच वेळ त्या भिंतीकडे बघवलं नाही.
मग बढतीचा अर्ज भरायला बसलो. तोच छापील नमुना. रकाना क्रमांक चौदा : 'आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय?' 'नाही' लिहिलं. सुवाच्य अक्षरात.
बायको बॅग घेऊन भावाकडे निघाली होती. जाता जाता खांद्यावरून वाचलं. म्हणाली, हे मात्र खरं लिहिलंत.