वैजूचा तबेल्यातला पेला

नाना,

वैजूला अ‍ॅडमिट केलंय, अंधेरी स्टेशनाजवळच्या हॉस्पिटलात. तिचे कपडे न्यायला आले तर तुम्ही देवळात, म्हणून ही चिठ्ठी.

डॉक्टर म्हणाले, असला उतरून पुन्हा चढणारा ताप जनावराच्या कच्च्या दुधातून येतो. मी ठणकावून सांगितलं, आमच्याकडे उकळल्याशिवाय दुधाला कुणी तोंड लावत नाही. तर वैजूच म्हणाली, "आजोबा मला तबेल्यात म्हशीखालचा गरम पेला देतात ना! अंगात ताकद येते."

नाना, त्या तबेल्यातल्या म्हशी गाभडतायत, दिवस भरायच्या आतच पारडं टाकतायत, हे अख्ख्या चाळीला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, तेही याच रोगानं. तुम्ही मायेनंच पाजलंत, कळतं मला. पण मला का नाही सांगितलंत? ह्यांना तूर्त काही बोलू नका, मी बघते.

पिठलं-भात झाकून ठेवलाय. जेवा आणि लगेच या. तुम्हीही तोच पेला पिता ना? भर उकाड्यात संध्याकाळी घोंगडी ओढून बसता, विचारलं की "वय झालं" म्हणता. तुमचंही रक्त तपासायचंय. उगाच सबबी सांगू नका. वैजूनं सुई टोचून घेतली ती "आजोबापण टोचून घेतील" या बोलीवर.

सुगंधा