पोल्ट्रीतला नववा दिवस

लेण्याद्रीच्या अलीकडे,
५ नोव्हेंबर २००३

ती. इंद्रायणीताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा कारखान्यातला खोकला (गळीत सुरू झालं की येतो आणि संपलं की जातो, म्हणून कारखान्यातला) यंदा लवकर आला का? मी बरा आहे. हा शब्द इथे जपून वापरावा लागतो, कारण ‘मी बरा आहे’ म्हणणाऱ्याचा इथला मुक्काम वाढतो.

भाऊबिजेला पारगावी ओवाळताना तू म्हणालीस, यंदा साडी नको; आदेशला ठेवायचं ते व्यसनमुक्ती केंद्र तेवढं डोळ्यांनी बघून ये, तू सांगशील तसं करू. घरात दोन पक्ष होते. दाजी म्हणत होते, “गुटखा खाऊन त्वांड उघडंना पोराचं. कोंडल्याबिगर सुधरायचं न्हाई.” आपली आई म्हणत होती, “कोंडायला काय जनावर हाये व्हय?” आणि ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो तुझा मुलगा करंजी मोडत म्हणाला, “मामांना काय बघायचं ते बघू द्या, मी जानार नाय.” मी पदवीधर आणि मास्तर, म्हणून निःपक्षपाती ठरलो. (मी खरोखर निःपक्षपाती होतो की निर्णयाला घाबरत होतो, असा प्रश्न त्या दिवशीच्या डायरीत आहे. उत्तर लिहिलेलं नाही.)

मला गाडी येत नाही, म्हणून आदेशच मला दाजींच्या एम-एटीवर घेऊन गेला. लगेच ठेवायचं ठरलंच तर असू दे, म्हणून तू बांधून दिलेली वळकटी माझ्या मांडीवर होती. इथली रीत आपल्याला ठाऊक नव्हती. केंद्रात भरती होणारा माणूस नेहमी मागे बसून, वळकटी पोटाशी धरून येतो आणि घरचं शहाणं माणूस पुढे गाडी चालवतं. फाटकावरच्या माणसाने तेवढंच पाहिलं. आदेशला त्याने कार्यालयात बसवलं आणि मला आत नेलं.

केंद्र म्हणजे बंद पडलेली पोल्ट्री. जाळ्या तशाच आहेत, खाद्याच्या पन्हळीत चपला ठेवतात. प्रमुख सावळेराम सर (यांनी स्वतः बारा वर्षांपूर्वी दारू सोडली) यांनी विचारलं, तंबाखू खाता का? जेवणानंतर चिमूटभर, मी म्हणालो. खोटं कसं बोलणार? कधीपासून? एफ.वाय.पासून, म्हणजे पंचवीस वर्षं. सोडायचा प्रयत्न केलात? दर एक जानेवारीला. पुरावा म्हणून मी पिशवीतली डायरी दाखवली. तिच्या मागच्या पानांवर आजवरचे सगळे संकल्प मी तारीखवार उतरवून ठेवले आहेत. सरांनी ते शांतपणे वाचले. मग मी म्हणालो, पण सर, रुग्ण मी नाही, माझा भाचा आहे. ते म्हणाले, “मास्तर, पहिल्या दिवशी हितं कुनीच पेशंट नसतो.” हे मला पटलं. पटायला नको होतं, पण विधान निर्दोष होतं, आणि मी त्यावर विचार करत असतानाच फाटकाला कुलूप लागलं.

तिकडे आदेशला विचारलं, “तुमी त्यांचे कोन?” तो म्हणाला, “भाचा.” भरतीचा कागद पुढे आला, त्याने सही केली. (त्याला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाल्यामुळे ती चालली.) घरी येऊन त्याने ‘मामा तिथंच राहून बघनार हायेत’ असं सांगितलं असेल, तर तेही खोटं म्हणता येत नाही.

आता अहवाल. पहाटे व्यायाम, मग सगळ्यांनी आपापल्या चुका सांगायच्या. (पहिल्या दिवशी मी चाळीस मिनिटं बोललो. आता माझ्या वेळी घड्याळ लावतात.) कुलूप दिवसरात्र असतं, आणि पत्रं वाचून मगच टपालात पडतात. (सर, नमस्कार.) स्वयंपाकाच्या लंकाबाईंना मी विचारलं की कुलपाचा उपयोग होतो का. त्या म्हणाल्या, “पळनारा कुलपानं थांबत न्हाई, मास्तर. ज्याचं मानूस रविवारी येतं, त्यो थांबतो.” आणि माझं म्हणशील तर चौथ्या दिवशी फाटकावरच्या माणसाच्या चुन्याच्या डबीकडे मी पाव तास पाहत उभा होतो. पंचवीस वर्षं मी ज्याला चिमूट म्हणत आलो, ती चिमूट नव्हती.

रविवारी आदेश आला. इथून सुटायला ज्याने भरती केलं त्याचीच सही लागते, म्हणून मी पेन तयारच ठेवलं होतं. तो बाकावर बसला. “लई वाळलात, मामा.” मी पेन पुढे केलं. त्याने खिशातून पुडी काढली, तिच्याकडे पाहिलं, न फोडता परत ठेवली आणि म्हणाला, “तुमी हितले एकवीस दिवस पुरे काढा. जमलं, तर तुमच्याच खाटंवर मी येतो. न्हाय जमलं, तर मला परत कुनी काय सांगायचं नाय.” आणि पेन माझ्या खिशाला लावून गेला.

तेव्हा ताई, कोंडल्याने माणूस सुधारतो का, या तुमच्या वादावर माझं मत आज मागू नकोस. अजून बारा दिवस आहेत. आईला नमस्कार.

तुझा,
भगवंत

ता.क. : दाजींना घेऊन मला सोडवायला येऊ नकोस. तसा निरोप मी फाटकावरून पाठवला असेल (दोनदा पाठवला आहे), तर तो माझा समजू नकोस.

आणखी एक : बेसनाचे लाडू उरले असतील तर पाठव. डब्याच्या तळाशी, कागदाखाली, एक छोटीशी पुडी – हे वाक्य मी खोडत आहे. खोडलेलं वाचता येतं हे मला माहीत आहे, म्हणून पुन्हा एकदा खोडलं.

शेवटचं : डबा आदेशच्याच हाती पाठव. तो वाटेत उघडून तळापर्यंत बघेल. बघू दे. इथल्या कागदावर माझा पालक तो आहे.