लहानग्याचं नाव

९ सप्टेंबर १९८६, मंगळवार. श्रूजबरी
काल दीड दिवसाचे गणपती गेले. घर सुनं. पुठ्ठ्याचं मखर घडी करून माळ्यावर ठेवलं, आणखी एक वर्ष सहज निघेल.
शेजारची रोझामावशी प्रसादाला आली होती. मोदक खाता खाता म्हणाली, "कमला, घर विकलं गेलं माझं." मुलगा चँडलरला नेणार, अ‍ॅरिझोनात. नोव्हेंबरात. तिला समोरचं माणूस मधोमध काळं दिसतं आता, कडेकडेचं तेवढं दिसतं. अठ्ठ्याहत्तर वय, एकटी राहणार कशी? पटतं सगळं. पण.
मी इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात हे दिवसभर ऑफिसात, मला इंग्रजी बोलायची भीती आणि शुभा तान्ही. ही बाई बर्फातून खसखस घातलेल्या शेवया घेऊन आली. "मांस नाही, विचारून केलंय," म्हणाली. कोणाला विचारलं कोण जाणे. गाडी चालवायलाही तिनेच शिकवलं. "रोझा" अशी हाक मारणं मला आजतागायत जमलं नाही. मावशी म्हणते, ती त्यालाच ओ देते.

११ सप्टें., गुरु.
मावशीने काम सांगितलं. पहिल्यांदाच काही मागितलं तिने.
तिचं गाव हंगेरीत, पण वस्ती जर्मन लोकांची. ती चार वर्षांची असताना आईवडील इकडे आले. त्यांच्यात पितरांचा दिवस २ नोव्हेंबरला. त्या दिवशी आई दरवर्षी एक मेणबत्ती जास्तीची लावायची. "आमच्या पहिल्या लहानग्यासाठी," एवढंच म्हणायची. मावशी शेंडेफळ. हे बाळ तिच्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेलं. मुलगा होता की मुलगी, नाव काय, आईने कधी सांगितलं नाही.
"फादर त्या दिवशी सगळ्यांची नावं वाचतात. आईचं, बाबांचं, भावांचं. त्याचं कधीच नाही. मी इथून जायच्या आधी एकदा तरी वाचलं जावं."
तिच्या गावच्या चर्चच्या जुन्या वह्यांची फिल्म वुस्टरच्या एका वाचनालयात मागवता येते. रीळ येऊन पडलंय. तिला दिसत नाही.
"मावशी, मी मॅट्रिक. मला जर्मन कुठे येतं?"
"अक्षरं येतात ना? तू अक्षर सांग, शब्द मी सांगते."
शुभाला सांगितलं तर हसली. "आई, यू आर डूइंग अदर पीपल्स पितर नाऊ?"
हो, म्हटलं. तुझे बाबा आपल्याच पितरांचं वर्षातून एकदा करतात, तेही घड्याळ बघत.

१८ सप्टें., गुरु.
वाचनालय चर्चच्या तळघरात. चर्च मावशीच्या पंथाचं नाही, पण तिथल्या बाईने आपणहून मशीनची जागा दिली, कॉफी दिली. किती चांगली माणसं भेटतात. देवाची कृपा.
मशीनमध्ये डोकं घालून बसायचं, मूठ फिरवली की पान सरकतं. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. मी एकेक अक्षर सांगते, मावशी डोळे मिटून शब्द जुळवते. वह्या हंगेरियन सरकारच्या काळातल्या, म्हणून तिच्या योहानबाबांचं नाव यानोश म्हणून लिहिलेलं. ते कळेपर्यंत निम्मी दुपार गेली.
अख्ख्या गावात आडनावं पाच-सहाच. मी म्हटलं, आमच्या गावीही असंच. तीन सदाशिव, तिघेही जोशी. एक विहिरीवरचा, एक खालच्या आळीतला, एक तपकीरवाला.
मावशी इतकी हसली की कॉफीवालीने वळून बघितलं. "आमच्याकडेही! आम्ही घंटावाले. आजोबा चर्चची घंटा वाजवायचे."
पण वहीत घंटावाले असं कोण लिहिणार? तिथे फक्त घराचा नंबर.
आज बाप्तिस्म्याची वही संपली. बाळ नाही. पुढच्या खेपेला मृत्यूची.

२६ सप्टें., शुक्र.
सापडलं!!
मातियास. तीन आठवड्यांचा. बाप यानोश, आई कातालिन, माहेरचं आडनावही बरोबर. जन्मल्या जन्मल्या सुइणीनेच पाणी घालून बाप्तिस्मा केलेला, तसं शेवटच्या रकान्यात आहे, म्हणूनच बहुतेक आधीच्या वहीत नव्हता.
मावशीने पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं माझ्याकडून. मातियास, मातियास. मग माझा हात धरून बसून राहिली.
घरी येताना गाडीत, "माझा सगळ्यात मोठा भाऊ तीन आठवड्यांचा आहे," असं म्हणून हसत होती आणि डोळे पुसत होती. घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

३ ऑक्टो., शुक्र. सर्वपित्री अमावास्या
दुपारी थोडंसं ग्रहण होतं असं टीव्हीवर सांगितलं, म्हणून स्वयंपाक लवकर उरकला. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचं करणारं कोणी नाही, त्यांचं आज. मागच्या दारी पान ठेवलं. त्यातला एक घास मातियासचा म्हणून वेगळा. कावळा येईपर्यंत उभी राहिले. आला.
हे म्हणाले, "त्याला वडा चालतो का विचारलंस?" चेष्टा करतात, पण घास काढताना मागे येऊन उभे होते.

९ ऑक्टो., गुरु.
मावशीला नोंदीची नीट नक्कल हवी होती, म्हणून आज एकटीच गेले. हिशोबाची बेरीज खालून वर एकदा करून बघायची माझी सवय. तसंच रीळ शेवटाकडून मागे फिरवत आणलं, आणि थांबले.
त्याच हिवाळ्यातली नोंद. बोर्बाला. दोन दिवसांची मुलगी, हिचाही बाप्तिस्मा सुइणीनेच केलेला. बाप यानोश, आई कातालिन. तीच आडनावं, दोघांचीही. घर मात्र दुसरं.
दोन्ही यानोश चुलतभाऊ असतील, बायकाही एकमेकींच्या चुलतबहिणी. गाव तेवढंसंच. मातियास घर ४१, बोर्बाला घर ११२. मावशीच्या घराचा नंबर मावशीला माहीत नाही. तिच्या भावांच्या जन्माच्या नोंदी बघाव्यात तर ते सगळे नंतरचे, आणि फिल्म त्याआधीच संपते.
म्हणजे तिचं बाळ कुठलं, हे...
कॉफीवालीने विचारलं, बरं वाटत नाही का?

१० ऑक्टो., शुक्र.
रात्री ह्यांना सांगितलं.
"बोलू नकोस. म्हातारी खूश आहे. महिन्याभरात जाईल. कशाला?"
"आणि खोटं नाव वाचलं गेलं तर?"
"देवाला कळतं ग कोणाचं कोण ते."
देवाला कळतं. पण मावशीने मला डोळे व्हायला सांगितलं होतं. दिसलेलं निम्मंच सांगायला नाही.
नवरात्र चालू आहे. देवीपुढे बसले, पण जपात लक्ष नाही.

११ ऑक्टो., शनि.
सांगितलं.
मावशी पीठ मळत होती. टेबलभर पांढरी चादर पसरलेली. त्यावर ती पोळी ओढत नेते, खालची चादर दिसेपर्यंत. मी सांगितलं तेव्हा हात थांबले. पोळीला मधोमध भोक पडलं.
 मग: "दोघींची एकाच हिवाळ्यात?"
"हो."
"दोघी कातालिन. एकमेकींना ओळखत असणार. दोघी एकाच स्मशानात जात असणार."
मी म्हटलं, आमच्यात एक दिवस असतो, ज्यांचं काहीच माहीत नाही त्यांचा. त्या दिवशी कोण कोणाचं ते बघत नाहीत. मी मातियासचा घास ठेवला होता.
"तिचा नाही ठेवलास?"
"तेव्हा ती ठाऊक नव्हती."
भोक बुजवत म्हणाली, "तिच्यासाठी कोणी लावली असेल का मेणबत्ती?"
मग फादरना द्यायच्या चिठ्ठीवर माझ्याकडून दोन्ही नावं लिहून घेतली. हंगेरियन बोर्बाला नको म्हणाली, बार्बरा लिही, घरात तसंच म्हणत असणार. तिकडच्या चर्चला पत्रही लिहिलं, घंटावाल्यांचं घर कितव्या नंबरचं म्हणून. ती बोलली, मी लिहिलं. पत्ता माझा दिला, कारण तिचं घर आता तिचं राहणार नाही.

२ नोव्हें., रवि.
काल लक्ष्मीपूजन झालं, आज मावशीबरोबर चर्च. शेवटच्या बाकावर बसले, डोक्यावर पदर घेऊन. काय करायचं ते माहीत नव्हतं, सगळे उठले की उठायचं.
फादर नावं वाचत होते. मावशीची आई, बाबा, भाऊ, नवरा. मग मातियास. मग बार्बरा. पुढच्या नावाकडे गेलेसुद्धा. एवढंच.
मावशी जोरात नाक शिंकरून म्हणाली, "ऐकू आलं?"
"आलं."
"दोन्ही?"
"दोन्ही."
घरी येऊन कालच्या पणत्यांतल्या दोन तिच्या खिडकीत लावल्या. तेल माझं, वाती तिने वळल्या, न बघता.

८ नोव्हें., शनि.
मावशी गेली. मुलगा गाडीत सामान भरत होता. मला पोळी ओढायची ती चादर दिली आणि तिच्या आईचे दोन लाल काचेचे दिवे. मी डब्यात चिवडा दिला, प्रवासात खायला. पाया पडले तर गोंधळली, मग डोक्यावर हात ठेवला.
म्हणाली, "पत्र आलं तर कळवू नकोस मला. आता दोघांतलं एक मी कमी करणार नाही."
बरं, म्हटलं.
तिच्या खिडकीत आज पडदे नाहीत. काय दिलं या बाईने मला आणि मी काय दिलं, याची बेरीज मला कधी जमणार नाही, आणि जमू नये.

२१ नोव्हें., शुक्र.
चँडलरहून फोन. तिकडे अजून ऊन आहे, नातसुनेला शेवया शिकवतेय, मुलगा खसखस आणायला विसरला. बराच वेळ बोललो. ठेवायच्या आधी:
"पत्र आलं का ग?"
"नाही."
"बरं झालं."
 मी फोन ठेवणार, तेवढ्यात पुन्हा तिचाच आवाज:
"पण पेटी रोज उघडून बघतेस ना?"
"बघते, मावशी."