गेटसमोरचा डफर

ऑकलंड, एप्रिल

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. पाठ धरली आहे, म्हणून मनातल्या मनातच घालतो.

काळजीचं काही नाही. इथे एप्रिलमध्ये सगळेजण घड्याळं एक तास मागे घेतात. मी मात्र तुम्ही दिलेल्या एचएमटीवर विसंबलो आणि सोमवारी पेनरोजच्या आमच्या फॅक्टरीसमोर, बंद गेटपाशी, तासभर गार वाऱ्यात उभा राहिलो.

आमचे म्हातारे फोरमन केविन किल्ल्या घेऊन आले. मला बघून हसले आणि म्हणाले, "यू डफर!"

बाबा, डोळ्यांत पाणीच आलं. गणितात सत्तावीस मार्क पडले तेव्हापासून हा शब्द ऐकतोय, पण तुमच्याशिवाय कुणी म्हटला नव्हता.

ते पाणी मागून आलेल्या कुणीतरी पाहिलं. दुपारी एचआरच्या बाईंनी बोलावलं.

"त्या शब्दाने तुम्हाला काय वाटलं?"

"घरी गेल्यासारखं."

"पूर्वी कुणी असं बोललंय?"

"हो, वडील. रोज."

बाईंनी फार दयेने पाहिलं आणि समुपदेशकाचा नंबर दिला. घाबरलेल्या केविनना शेवटी मीच चहा पाजला.

तुमची सून विचारते, गोळ्या वेळेवर घेता ना? ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही फोनवर फार गोड बोलता. "जपून राहा हो बाळ," म्हणता. मला भीती वाटते.

पत्र मिळालं की फोन करा. मी हॅलो म्हणेन. पुढचा शब्द तुम्हाला माहीत आहे.

तुमचाच,
मंदार