दुसऱ्या आवाजाला जागा

३ मार्च, सोमवार
नवी नोकरी, आणि पहिल्याच दिवशी खिडकीजवळचं टेबल! वीस वर्षं समूहगान शिकवलं. आता शिष्य म्हणजे एक संगणक. चाली तो स्वतःच रचतो. कोणता सूर कोणाशी जुळतो आणि कोणता टोचतो, ते नियम मी लिहून द्यायचे. पहिला आवाज चाल गाणार, दुसरा साथ करणार. शेजारचा प्रोग्रामर म्हणाला, हा पक्का सांगकाम्या आहे, सांगाल तेवढंच करेल. म्हटलं, असा विद्यार्थी जन्मात लाभला नाही! घरी येऊन आईला फोनवर हे सांगितलं, तर ती चक्क हसली. माझी धाकटी बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच.

६ मार्च, गुरुवार
चौदा नियम झाले. एकच खोड जात नाही. दुसरा आवाज वरच्या गंधारावर गेला की केसभर उतरतो. प्रोग्रामरच्या मते हे शक्यच नाही, सगळे सूर मोजून भरलेत. पण माझे कान मला फसवत नाहीत. पंधरावा नियम लिहिला : सूर उतरला की दुसरा आवाज बंद.

११ मार्च, मंगळवार
नियम धाब्यावर बसवून तो सूर पुन्हा आला. हेडफोन काढून ठेवले. हा गंधार मी ओळखते. चिमणी, माझी धाकटी, नेमकी तिथेच घसरायची. आम्ही दोघी गायचो; चाल माझी, साथ तिची. शेवटच्या तालमीत सगळ्यांदेखत मी तिला म्हटलं, "तू नुसते ओठ हलव. गाऊ नकोस." ती हसली, आणि खरंच नुसते ओठ हलवत राहिली. पुन्हा कधी गायलीच नाही. चार महिन्यांनी तापाने गेली. जाताना काहीतरी सांगत होती, पण घसा पार बसला होता. मला एक शब्द कळला नाही.

१२ मार्च, बुधवार
पंधरावा नियम पुसला. त्या जागी लिहिलं : दुसरा आवाज गाईल तेव्हा पहिल्याने थांबावं.
ती गायली. अख्खी दुपार. मी टेबलावर डोकं टेकून रडले. प्रोग्रामर पाण्याचा ग्लास ठेवून काही न विचारता निघून गेला.

१४ मार्च, शुक्रवार
सकाळपासून माझा आवाज फुटत नाही. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. धावत ऑफिस गाठलं, तो नियम पुसायला. पुसला जाईना. प्रोग्रामरला कागदावर लिहून दाखवलं. त्याने यादी दोनदा पाहिली. म्हणाला, असा नियमच नाही इथे. पण मला दिसतोय —

१५ मार्च, शनिवार
आईचा फोन. नुसता तिचा आवाज ऐकावा म्हणून उचलला. तोंड उघडलं, आणि बोल फुटले. माझे नाहीत.
आई हळूच म्हणाली, "चिमणे? अगं, जेवलीस का गं?"
सांगणार होते की ही मी आहे. पण आईचा तो सूर — मी — ती हो म्हणाली.

१६ मार्च, रविवार
आई निघालीय. चिमणीला भेटायला. माझ्याबद्दल विचारलं नाही. एकदाही —

दुपार
जिन्यात पावलं. आई हाक मारतेय. तिला.
ओ दिली तर आईला लेक मिळेल, आणि मी — नाही दिली तर तिला पुन्हा चिमणी गेली तेव्हासारखं रडताना — कसं बघू —
घशात काहीतरी हलतंय. मी नाही. ओ मी नाही दे