डोर्कस, रेंटीची बायको

वॉशिंग्टन, ११ जून १९६६

ती. हेस्टरआत्यास,
विनीचा दुरूनच वाकून नमस्कार. वि. वि.

एप्रिलच्या पत्रात मी तुला चुकीचं कळवलं. पणजोबा रेंटी यादवी युद्धातून परतले, पुढे वारले, आणि त्यांच्या विधवेच्या पेन्शनवर डोर्कस नावाच्या कुणा परक्या बाईने खोटा दावा लावला, असं मी लिहिलं होतं. दावा फेटाळला गेला एवढंच त्यातलं खरं. डोर्कस परकी नव्हती. बायनापणजीच्या आधीची ती त्यांची बायको होती.

कशावरून म्हणते तेही सांगते. पुराव्याशिवाय विधान केलं की तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मला पाटी पुसायला लावायचीस, ती सवय अजून गेलेली नाही. एप्रिलमध्ये मात्र कुठे गेली होती कोण जाणे. तेव्हा मी फक्त पेन्शनच्या कागदांचा शेवटचा निकाल वाचला होता. परवा आपल्या राज्याच्या दफ्तरातून, कोलंबियाहून, एका कराराची नक्कल आली; आपली माणसं ज्याची गुलाम होती त्या मळ्याच्या मालकाचा करार. १८५२ साली मुलीच्या लग्नात त्याने तिला काय काय दिलं त्याची नोंद आहे. पलंग, चांदीचे चमचे, दोन खेचरं. आणि त्यांच्या खाली, त्याच शाईत, ‘डोर्कस, रेंटीची बायको, आणि तिची तान्ही मुलगी’. मळ्यावर दुसरी एक म्हातारी डोर्कस होती, म्हणून ओळख पटावी एवढ्यासाठी ‘रेंटीची बायको’ लिहिलंय. दिलेल्या माणसांत स्वतः रेंटी नाहीत. ते बेटावर राहिले, आणि मायलेकी नव्या नवरीबरोबर वर डोंगराकडे गेल्या.

रेंटींच्या थडग्याच्या नव्या दगडाचा मजकूर पाथरवटाला अजून दिला नसशील तर कृपा करून थांब. आणि माझं एप्रिलचं पत्र कुणाला दाखवलं असशील तर तेही कळव.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
विनी

---

सेंट हेलेना बेट, २० जून

चि. विनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. दाखवलं का म्हणून विचारतेस? अगं, ईस्टरनंतरच्या रविवारी भर चर्चमध्ये उभी राहून मोठ्याने वाचलं मी ते! आपली विनी राजधानीतल्या दफ्तरात बसून आजोबांचे कागद शोधते, हे लोकांना कळायला नको? डोर्कसचं नाव आलं तशी तिची नात फिबी तिसऱ्या बाकावरून उठली आणि तरातरा निघून गेली. तिची हॅट मात्र बघण्यासारखी होती. तेव्हापासून ती चर्चला फिरकलेली नाही. तसंही चाळीस वर्षं आमचं बोलणं नाहीच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

मजकूर पाथरवटाला दिलाय. ‘रेंटी, आणि त्याची एकमेव पत्नी बायना’. ‘एकमेव’ मी घातलं, तुझ्याच पत्रावरून. ऑगस्टच्या एक तारखेला, सोमवारी, तो छिन्नी लावणार, आणि घराण्याच्या मेळाव्याला डेट्रॉइटपासून माणसं येणार. आता तू म्हणतेस थांब! बाई गं, जरा धीर धरायला शिकायला हवं होतंस तू.

पेन्शनच्या तपासात मिंगोमामांनी बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं की ही बाई आम्हाला माहीत नाही. बायनाआजीचा सख्खा भाऊ, मळ्यावरच्या प्रार्थनाघराचा वडीलधारा. गोऱ्या मालकाच्या चमच्यांची यादी खरी आणि मिंगोमामा खोटे?

खाण्याची आबाळ करू नकोस. तुझ्या हाताचा भेंडीचा रस्सा कसा असतो ते मला ठाऊक आहे, म्हणून जास्तच काळजी वाटते.

तुझी आत्या,
हेस्टर

---

वॉशिंग्टन, २९ जून

ती. हेस्टरआत्यास,
नमस्कार. वि. वि.

मिंगोमामा खोटे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण शनिवारी मी पेन्शनच्या कागदांत डोर्कसची पूर्ण जबानी वाचली. जे आहे ते लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

ती सांगते की रेंटीशी तिचं लग्न प्रार्थनाघरात लागलं आणि ते मिंगोनेच लावलं. त्या दिवशी तिच्या अंगावर मिंगोच्या आईचा झगा होता. तो इतका लांब होता की चालताना पायात येत होता, आणि मिंगो हसला होता. गुलामीतून सुटका झाल्यावर लेकीला घेऊन ती पायी बेटावर परतली. रेंटीच्या घरी बायना होती, तिच्या कडेवर मूल होतं. रेंटी ओट्यावर बसून रडला. तिने त्याला मागितलं नाही, खाडीपलीकडे खोप बांधून राहिली. तो दर हंगामात तिच्या लेकीसाठी कोळंबी आणि तांदूळ ठेवून जायचा. तपासनिसाने विचारलं, मग आत्ताच दावा का? ती म्हणाली, आता कोळंबी आणणारा कुणी उरला नाही.

तिच्याखालीच मिंगोमामांची जबानी आहे. एकच ओळ: ‘या बाईला मी ओळखत नाही.’

आत्या, पायात येणारा झगा कुणी रचून सांगेल असं मला वाटत नाही. आणि हे खरं असेल तर फिबीबाईंची आई रेंटींची मुलगी ठरते. म्हणजे फिबीबाई तुझी आतेबहीण. चर्चमध्ये आपण तिच्या आजीला सगळ्यांसमोर लबाड ठरवलं. मिंगोमामांनी असं का केलं असेल? तुला काही आठवत असेल तर लिही. नसेल लिहायचं तर तसंही लिही, मी पुन्हा विचारणार नाही.

तुझी माया अशीच राहू दे. आत्ता तिची फार गरज आहे.

विनी

---

सेंट हेलेना बेट, ९ जुलै

चि. विनीस आशीर्वाद. वि. वि.

चार दिवस हे पत्र लिहायला बसते आहे. कोंबड्यांना दाणे घालायचे, वाल सोलायचे, असली कामं काढून उठते आहे.

आमच्या लहानपणी दोन कायदे असायचे. प्रार्थनाघरातला तो आतला, सरकारी कचेरीतला तो बाहेरचा. भांडण काहीही असो, आधी आत वडीलधाऱ्यांपुढे न्यायचं. जो थेट बाहेर जाईल त्याला त्यांनी ओळखायचं नाही. तसं तोंडावर सांगायचे, ‘आम्ही तुला ओळखत नाही.’ पाप कबूल करून तो परत आत येईपर्यंत. डोर्कस आत न विचारता बोटीने कचेरीत गेली. मिंगोमामांनी तपासनिसाला तेच सांगितलं जे प्रार्थनाघरात सांगितलं असतं. त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतं, शिक्षा होती. तपासनिसाला काय कळणार ते!

नंतर डोर्कस आत आली आणि निवाडा झाला. सरकार एकीलाच विधवा मानतं, तेव्हा नाव बायनाचं राहील आणि मिळेल ते दोघी वाटून घेतील. मी आठ-नऊ वर्षांची असताना आजीबरोबर होडीतून खाडीपलीकडे गेलेली आहे. दोघी म्हाताऱ्या ओट्यावर टोपल्या विणत बसायच्या आणि रेंटीच्या घोरण्याची नक्कल करून हसायच्या. मी आणि फिबी खेकडे पकडायचो. ती माझ्यापेक्षा चपळ होती, आजही असेल.

मिंगोमामा वारले तसा माझ्या वडिलांनी वाटा बंद केला. म्हणाले, कागदावर माझ्या आईचं नाव आहे, दुसरी कुणी आम्हाला माहीत नाही. त्यांनीही मामांचीच ओळ वापरली, पण परत आत यायचं दार ठेवलं नाही. घरात डोर्कसचं नाव काढायचं नाही असं ठरलं. मी नाही काढलं. मग तुझं पत्र आलं, कागदच तसं म्हणतो म्हटल्यावर मला फार बरं वाटलं गं. का ते तू हुशार आहेस, समजून घे.

आता एक ऐक. तुला रागवायचा हक्क मला उरलेला नाही, तरी सांगते. तू कागद वाचलेस, मला लिहिलंस, मी चर्चला वाचून दाखवलं. जिच्या आजीची ही गोष्ट, त्या बाईला कुणी विचारलं का? तूही आधी बाहेरच गेलीस, पोरी. आता पुन्हा मेळाव्यात उभी राहून डोर्कसचं नाव जाहीर करायचा बेत करत असशील, ओळखते मी तुला. तेही तिला न विचारताच होईल.

पाथरवटाला मी थांबवलेलं नाही. ते माझ्या हातून होईना.

जिवाला जप.

हेस्टर

---

वॉशिंग्टन, १८ जुलै

ती. हेस्टरआत्यास,
नमस्कार. वि. वि.

तू ओळखलंस तसंच होतं. मेळाव्यासाठी भाषण लिहून ठेवलं होतं, तारखा आणि दाखल्यांसकट. ते आता वाचणार नाही.

रजा मिळाली आहे. करार आणि दोन्ही जबान्या अशा तिन्ही नकला बरोबर आणते, पण त्या पिशवीतच राहतील. आधी खाडीपलीकडे जाऊन फिबीबाईंना विचारेन की त्यांच्या घरी डोर्कसबद्दल काय सांगतात, आणि तिचं नाव त्या दगडावर यावं असं त्यांना वाटतं का. त्या नको म्हणाल्या तर नाव येणार नाही, पण ‘एकमेव’ही राहणार नाही. त्यांनी दार लावून घेतलं तर ओट्यावर बसेन. पुढे काय ते मला माहीत नाही, आणि भीती वाटते हे तुझ्यापासून लपवत नाही. पाथरवटाला काय सांगायचं ते त्यानंतरच.

तू बरोबर यावंस असं फार वाटतं, पण आग्रह करत नाही. आलीस तर होडीत पुढे बस, मी वल्हवते. नाही आलीस तरी माझा लोभ आहे तेवढाच राहील.

शनिवार, ३० जुलैला सकाळी मी खाडी ओलांडते आहे.

तुझी,
विनी